अँटेनाभोवतीचं सारवण

ज्या वर्षी माझी पीएच.डी. बुडायच्या बेतात होती, त्या वर्षी मी बाबूजींकडे, म्हणजे वडिलांकडे, दोन महिन्यांसाठी एक बांधी मागितली. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेला धानाचा तुकडा. दवनीवाड्याला आमच्या अशा काही बांध्या आहेत, आणि उन्हाळ्यात त्या रिकाम्याच असतात, कारण आमच्या बाजूला उन्हाळी धानाला पाणी पुरत नाही.

बाबूजी म्हणाले, "कायले पायजे?"

म्हटलं, "आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजायच्या आहेत."

त्यांनी जरा विचार केला. "मंग मधातली घे. कडेच्या बांधीत बकऱ्या येतात."

एवढीच चर्चा झाली. बुडायच्या बेतात म्हणजे मात्र खरोखरच. पाच वर्षं झाली होती. आधीचे दोन उन्हाळे वाया गेले होते. एक केबल खराब निघाली म्हणून, आणि दुसरा माझ्याच आगाऊपणामुळे. तो किस्सा नको. शिष्यवृत्तीचं ते शेवटचं वर्ष होतं. माझे मार्गदर्शक सर स्वभावाने मऊ, पण त्यांनीही सरळ सांगून टाकलं होतं की पाऊस लागेपर्यंत हातात नीट मोजमाप आलं तर प्रबंध, नाही तर राम राम. मी तोंडाने "हो सर" म्हणाले आणि खोलीवर जाऊन उशी भिंतीवर फेकली.

मोजायचं काय होतं, ते सांगते. विश्व अगदी कोवळं होतं, पहिले तारे नुकते कुठे पेटू लागले होते, तेव्हा सगळीकडे हायड्रोजन वायू पसरलेला होता. हायड्रोजन एका ठरावीक लांबीची रेडिओ लहर सोडतो आणि गिळतोही. लांबी एकवीस सेंटीमीटर, जवळजवळ एक वीत. पुढे विश्व फुगत गेलं, तशी ती लहर ताणली गेली, आणि आज आपल्यापर्यंत पोचते तेव्हा चारेक मीटर लांब झालेली असते. एफएम रेडिओ जिथे लागतो त्याच्या थोडी खाली. त्या काळी आकाशभर एक मंद उजेड भरून होता, विश्वाच्या सुरुवातीपासून उरलेला. वायू त्या उजेडापेक्षा थंड असला की तो त्यातला थोडा गिळतो, आणि आपल्या आलेखात त्या जागी एक खड्डा पडतो. वायू जितका थंड, तितका खड्डा खोल.

आणि वायू किती थंड होता, यात डार्क मॅटरचा हात असू शकतो. डार्क मॅटर दिसत नाही, उजेड देत नाही, पण त्याला वजन आहे. विश्वात आधी ते गोळा झालं, त्याच्या ओढीने वायू गोळा झाला, मग तारे पेटले. म्हणजे खड्डा कधी पडायचा हे त्यानेच ठरवलं. आणि ते वायूपेक्षाही थंड असल्यामुळे, दोघांचा जरासा जरी संपर्क आला असेल, तर वायू अपेक्षेपेक्षा जास्त गार झाला असेल आणि खड्डा अपेक्षेपेक्षा जास्त खोल पडला असेल. असा खोल खड्डा ज्याला सापडेल त्याने डार्क मॅटरला जवळजवळ हात लावला असं समजा.

आईला हे मी स्वयंपाकघरात समजावलं होतं. आई सातवी शिकलेली, पण तिला गोल गोल बोललेलं चालत नाही. म्हटलं, "दूध तापवून तू परातीतल्या पाण्यात ठेवतेस ना?"

"हाव."

"आता समज, परात दिसत नाही, पाणीबी दिसत नाही. नुसतं दूध दिसतं. आणि दूध व्हायला पाहिजे त्याहून जास्त थंड झालं. म्हणजे काय?"

"म्हंजे खाली पानी हाय."

"बस्स. ते पाणी म्हणजे डार्क मॅटर."

आईने गॅस बारीक केला. "मंग एवढ्या गोष्टीले तुले पाच वर्षं काऊन लागून राहिली?"

खरं उत्तर असं की हा खड्डा इतका उथळ असतो की सापडत नाही. आपल्याच आकाशगंगेचा रेडिओ कलकलाट त्याच्या हजारो पट मोठा. राईस मिल चालू असताना पलीकडच्या घरातलं घड्याळ ऐकायचं, तसलं काम. कलकलाट मोजायचा, मग तो वजा करायचा, केबलचा परिणाम वजा करायचा, मातीचा वजा करायचा, आणि शेवटी जे काही उरेल ते आकाशाचं. कुठे काही वजा करायचं राहिलं, तर तेच आकाशाच्या नावावर जमा होतं. या एका चुकीने भल्याभल्यांची झोप उडवली आहे.

म्हणून शांत जागा पाहिजे होती. हातातलं छोटं यंत्र घेऊन मी आधी सडक अर्जुनीला मावशीच्या शेतात गेले. तिथे हायवेवरचे ट्रक, ढाब्यांवरचे लुकलुकणारे दिवे, वेल्डिंगची दुकानं. यंत्राचा काटा सारखा नाचत होता. गोंदियात तर विचारूच नका. दवनीवाड्याच्या मधल्या बांधीत मात्र काटा असा पडून राहिला की मला वाटलं बॅटरी संपली. फक्त शेजारच्या काकांचं रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणारं झटका मशीन टकटक करत होतं. काका म्हणाले, "आता वावरात का हाय डुकराले खायले? बंद ठेवतो, जा." प्रश्न मिटला.

चैत्र लागता लागता मी बांधीत लोखंडी जाळी अंथरली, लग्नाच्या मांडवाएवढी. मध्ये प्लास्टिकच्या पायांवर दोन ॲल्युमिनियमचे पत्रे, तोच अँटेना, खाली डबा, बाजूला सोलर पॅनल. चार जण पाहायला आले. एकाने विचारलं, टॉवर कोणत्या कंपनीचा. जाळीच्या कडेबाहेरची माती ओल मोजायला मी स्वतः खणली, भाजली, वजन केलं, आणि हिशोबात लिहून ठेवलं: कोरडी. कोरड्या मातीत आणि ओल्या मातीत रेडिओ लहर वेगळी वागते. ओल लागली की लहर तिथून उलटून परत वर येते, आणि आलेखात नसलेले उंचवटे आणि खड्डे उभे राहतात. पण वैशाखात आमच्या बांधीत ओल कुठली? माती भेगाळून पायाला चावते.

आई-बाबूजींना मी नियम सांगितले. संध्याकाळी सातला यंत्र आपोआप चालू होईल. सातनंतर कोणीही तिकडे फिरकायचं नाही. मोबाईल न्यायचा नाही. बाबूजींनी दर शनिवारी आतली डबी, जिच्यात मोजमापं साठतात ती, बदलायची आणि गोंदियाहून मला संस्थेत पाठवायची. एका वहीत रोज एक ओळ लिहायची: ढग होते का, जनावर आलं का, काही वेगळं घडलं का. आणि बसमध्ये चढता चढता मी आईला ओरडून सांगितलं, "जागा साफ ठेवजा!"

हे मी सांगितलं. मला चांगलं आठवतं.

पहिल्या दोन डब्या आल्या, मी कामाला बसले. सगळं वजा करत गेले. कलकलाट काढला, केबल काढली, कोरडी माती काढली. आणि खाली खड्डा होता. नुसता खड्डा नव्हे, खोल खड्डा, नेमका जिथे पाहिजे तिथे. वायू नुसता स्वतःच्या बळावर जेवढा गार होऊ शकतो, त्याच्या दुपटीहून खोल.

मी खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले, परत बसले. खड्डा तिथेच. सरांना दाखवला. ते चष्मा काढून म्हणाले, "कुणाला सांगू नकोस अजून." लेखाचा मसुदा सुरू झाला. मी रात्री स्वप्नात इंग्रजीत भाषण देत होते.

मधे एकदा दगा झाला. चौथ्या डबीच्या शेवटी खड्डाच गायब झाला, तो सलग आठ दिवस. आलेख सपाट, मेलेला. मी बाबूजींना फोन केला, कनेक्शन पाहा, पॅनल पाहा. ते म्हणाले, "सगळं ठीक हाय." आईला द्या म्हटलं, तर म्हणाले, आई बाजारात गेली. दुसऱ्या दिवशी आई लग्नाला गेली. तिसऱ्या दिवशी झोपली होती. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. आई फोनवर आली की अर्धा तास जातो, आणि माझ्याकडे अर्धा तास नव्हता. पुढच्या डबीत नवव्या दिवसापासून खड्डा परत आला. मी टेबलावर हात आपटून उभी राहिले, शेजारच्या टेबलावरचा मुलगा दचकला. आठ दिवसांसमोर मी लिहिलं: यंत्रात बिघाड, वगळावे. आणि ते वगळले.

जेठ लागला तशी मी सामान आवरायला घरी आले. गोंदियाला उतरले, बस पकडली, आणि घरी न जाता पाठीवरच्या बॅगेसकट थेट वावरात. धुऱ्यावर चढले आणि पाय तिथेच थांबले.

जाळीच्या चारी बाजूंनी, चांगला सहा-सात हात रुंद, शेणाने सारवलेला पट्टा होता. एक भेग नाही, एक ढेकूळ नाही. हाताच्या फिरकीचे अर्धगोल एकाला एक लागून. कडेला पांढऱ्या रांगोळीची रेघ. आणि त्यावर अनवाणी उभी असलेली आई, हातात बादली. मला पाहून तिचा चेहरा उजळला. ती पहिलं वाक्य म्हणाली, "थांब, चप्पल काढ. आताच सारवलं."

मला कळायला दोन सेकंद लागले असतील. मग सगळं एकदम कळलं. वरून सुकलेलं, आतून ओलं, रोज नवं पाणी पिणारं शेणाचं पांघरूण. आणि माझ्या हिशोबात माती कोरडी. जे मी वजाच केलं नव्हतं ते आकाशाच्या नावावर जमा झालं होतं.

"हे कोणी सांगितलं तुला करायला?" मी ओरडले. पलीकडच्या बांधीतल्या बकऱ्यांनी माना वर केल्या.

"तूच सांगतलं. जागा साफ ठेवजा म्हनून."

"साफ म्हणजे काही करू नका असं!"

"बाई, काही न करता जागा साफ राह्यते का?"

मी म्हणाले, "माझी पाच वर्षं तू शेणात घातलीस." आईने बादली खाली ठेवली. हातही न धुता, शेणाच्या हातांनीच, धुऱ्याधुऱ्याने घराकडे चालू लागली. मी चप्पल घालून तिच्या सारवणावर उभी होते. आमच्याकडे सारवलेल्या खळ्यावर कोणी चप्पल घालून जात नाही. पाहुणासुद्धा नाही.

बाबूजी मागून आले होते. तेच सांगू लागले. धान कापून आणलं की ते मळायला आधी खळं करावं लागे. जमीन चोपायची, शेणाने सारवायची, कडेला रांगोळी, मग त्यावर धानाच्या पेंढ्या. ते काम आईचं. मळणीचं यंत्र गावात आल्यापासून खळं गेलं, आणि कित्येक वर्षांत तिने एवढी मोठी जागा सारवली नव्हती. माझी जाळी उघड्या मातीवर, धूळ उडून पत्र्यांवर बसते, हे तिला पाहवेना. "म्हने, पोरगी एवढ्या मेहनतीनं पीक घेऊन राहिली, अन् खाली सारवन नाई, हे बरं दिसते का?" रोज सडा, एक दिवसाआड सारवण. दोन महिने.

मी धुऱ्यावर बसून रडले. रागाने रडले, लाजेने नाही. लाज नंतर आली. मग सरांना फोन लावला. ते म्हणाले, "छापून आल्यावर दुसऱ्या कुणी दाखवलं असतं, तर? बरं झालं, तूच पाहिलंस." आणि थोड्या वेळाने, "पण नुसतं वाटतंय म्हणून खड्डा पुसता येत नाही. तो सारवणामुळेच आहे, हे सिद्ध करावं लागेल. कोणत्या दिवशी किती सारवलं, हे कळेल का?"

ते एकाच माणसाला माहीत होतं.

घरी आले तेव्हा आई कणीक मळत होती. मी चिडले की घरात कणीक जरा जास्तच मळली जाते. मी तिच्याजवळ पाटावर बसले. "आई, तू कोणकोणत्या दिवशी सारवलं होतंस?"

"मले कायले विचारून राहिली? शेनवाल्या बाईले?"

"चुकलं माझं."

"हाव, चुकलं." तिने कणकेवर झाकण ठेवलं. "अन् चप्पल घालून चढली, तेबी चुकलं."

"तेबी चुकलं."

मग ती हात धुऊन बसली. मी लॅपटॉप उघडला. तिला तारखा माहीत नव्हत्या, पण तिच्याकडे दुसरं पंचांग होतं. बाजाराच्या दिवशी सारवलं नव्हतं, नुसता सडा. एकादशीला पक्कं सारवलं. शेजारच्या लग्नाच्या दिवशी सकाळीच उरकलं. वादळी वारा सुटला आणि सगळ्यावर पालापाचोळा पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोनदा सारवलं, कारण पहिलं मनासारखं झालं नाही. मी एकेक दिवस काढत गेले, आणि आलेख तिच्या शब्दाशब्दाला मान डोलावत गेला. पक्कं सारवण, खोल खड्डा. नुसता सडा, उथळ खड्डा. वादळानंतरचा खड्डा तर सगळ्यात खोल.

आई सरकून माझ्या शेजारी आली. तिला मजा वाटू लागली होती. "आता आमोशेचा दाखव. आमोशेले कमी पानी टाकलं होतं मी." दाखवला. खड्डा थोडका. "पाय!" ती बाबूजींना म्हणाली. "मशीनीले समजते, तुमाले नाई समजत." आम्ही तिघं हसलो. माझा प्रबंध डोळ्यांदेखत बुडत होता आणि मी हसत होते, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

मग ते आठ दिवस आले.

"तेव्हाबी रोज," आई म्हणाली.

"नाही आई. बघ, सपाट आहे. एकही दिवस नाही."

"मंग तुयी मशीन खोटी."

मीही तेच म्हटलं होतं दोन-तीन आठवड्यांपूर्वी, यंत्रात बिघाड. पण आता समोर बसून पाहिल्यावर कळत होतं की बिघाड नव्हता. नीट पाहिलं तर पहिल्या दिवशी खड्ड्याची पुसट खूण, दुसऱ्या दिवशी त्याहून पुसट, मग काही नाही. सारवण वाळत गेलं होतं. मी मान वर केली तर बाबूजी उठून दाराकडे चालले होते. मी त्यांची वही मागून घेतली. बाकीच्या दिवसांच्या ओळी वेगवेगळ्या: कधी निळी शाई, कधी काळी, कधी पेन्सिल, "दोन कुत्रे आले", "संध्याकाळी ढग". या आठ दिवसांच्या आठही ओळी एकाच शाईत, एकाच तिरक्या हाताने, एकसारख्या. आकाश साफ. सर्व ठीक.

"बाबूजी, हे तुम्ही एकाच बैठकीत लिहिलं."

त्यांची माझ्याकडे पाठ होती. "ऊन लागलं होतं तिले," ते म्हणाले.

"काय गरज होती सांगायची?" आई त्यांच्यावर खेकसली.

मग हळूहळू निघालं. आई दुपारी चारला सारवता सारवता जाळीपाशीच पडली होती. बाबूजींना ती धुऱ्याला टेकून बसलेली दिसली, बोलत होती पण काय बोलते ते समजत नव्हतं. शेजारच्या काकांनी आपला टेम्पो काढला. गोंदियाला तीन दिवस सलाईन. मग पाच दिवस घरी, बाबूजींनी उठू दिलं नाही.

"पण वैशाखात दुपारी चारला कोण सारवतं?" मी म्हणाले. माझा आवाज परत चढला होता. "सकाळी करायचं ना!"

"सकाळी केलं तं दिवसभर धूळ बसते. सातले मशीन लागते. सातनंतर कोनी जायचं नाई, तूच सांगतलं. मंग चारलेच लागावं लागे, सातच्या आत वरून वाळलं पायजे."

मला का कळवलं नाही, हे विचारायचीसुद्धा हिंमत झाली नाही, पण आईने न विचारताच सांगितलं. "तू आली असती. मशीन इकडं, तू दवाखान्यात, मंग तुयं काम कोन केलं असतं?" आणि मी इकडे काय केलं होतं? फोन लवकर संपतो म्हणून खूश होते. माझी आई आधी सलाईन लावून आणि मग घरी अंथरुणात पडली होती ते आठ दिवस मी बिघाड म्हणून वगळले होते. मला त्या वेळी स्वतःची इतकी किळस आली की मी उठून बाहेर गेले, आणि विहिरीपाशी जाऊन उगाच तोंड धुतलं.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. सर म्हणाले, ते आठ दिवस हिशोबात परत घे. मी परत घेतले, आणि बाकीचे सगळे दिवस वगळले. माती खरोखर कोरडी होती असे तेवढेच दिवस माझ्याकडे होते. त्यातून खोल खड्डा निघाला नाही. आकाश सपाटच होतं, निदान माझ्या यंत्राला दिसेल इतपत तरी. पण त्यातूनही एक गोष्ट छातीठोकपणे सांगता आली: तो वायू अमुक इतक्यापेक्षा जास्त गार झाला नव्हता. डार्क मॅटरने त्याला त्याहून गार केलं असतं, तर आमच्या बांधीत ते उमटलं असतं. निकाल लहान आहे. भाषण देण्यासारखा नाही. पण खरा आहे, आणि प्रबंधाला तो पुरला.

संस्थेत मी हा सगळा प्रकार एकदा चहाच्या वेळी सांगितला. एक जण भारावून म्हणाला, "म्हणजे तुझी आईच तुझं डार्क मॅटर, नाही का? न दिसता सगळं तोलून धरणारी." मी त्याच्यावर अशी उखडले की त्याचा चहा थंड झाला. माझी आई न दिसणारी नाही. ती धुऱ्यावरून दिसते, आणि ऐकू तर दोन बांध्या पलीकडून येते. मी पाहिलं नाही, हा माझा दोष आहे. त्याला विज्ञानाचं नाव द्यायचं कारण नाही.

प्रबंधात प्रत्येक गोष्टीला कारण द्यावं लागतं. तेच आठ दिवस का घेतले? माती तेव्हाच का कोरडी होती? मी खूप वाक्यं लिहिली आणि खोडली. शेवटी परीक्षकांना चालेल असं एक ठेवलं: "या आठ दिवसांत जागेची देखभाल झाली नाही."

पदवी मिळाल्यावर प्रबंधाची एक प्रत घरी नेली. आईने पदराने कव्हर पुसलं, कोरडं असूनही पुसलं. बाबूजींनी पानं मोजल्यासारखी उलटली. आई म्हणाली, "माह्याबद्दल का लिहिलं?"

मी पान काढलं आणि ते वाक्य मराठीत करून वाचून दाखवलं.

तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "देखभाल झाली नाई? असं लिहिलं? लोकं वाचतीन तं का म्हनतीन, बाई आळशी होती?"

"आई, तसं नसतं त्यात..."

"कसं नसते? आठ दिवस नाई झाली, बरं. मंग नवव्या दिवसाचं लिहिलं का?"

"नवव्या दिवसाचं काय?"

"नवव्या दिवशी सारवलं होतं मी," आई म्हणाली. "ह्यांच्या खांद्याले धरून गेली, दोनदा खाली बसली, पन पूर्न सारवलं. तेबी लिहायचं होतं."

त्या उन्हाळ्यातली माझी वही अजून माझ्याजवळ आहे. नवव्या दिवसासमोर तिच्यात मोठ्या अक्षरात "आला!" असं लिहिलेलं आहे, आणि खाली दोन रेघा मारलेल्या आहेत.